मुक्त खेळाची रंगीत तालीम

खराडीत सर्जेरावआबांच्या रानात आधी ज्वारी उगवायची. मग प्लॉट उगवले, मग टॉवर उगवले, आणि उगवण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा पर्पल पेलिकन इंटरनॅशनल प्रीस्कूल उगवलं. पेलिकन हा पक्षी खराडीत कोणी पाहिलेला नव्हता. पाटीवरचं जांभळं चित्र बघून आबांनी उद्घाटनाच्या दिवशीच निकाल दिला होता, "बगळाच हाय. खाऊन खाऊन सुटलाय." तेव्हापासून जुन्या गावात तिला बगळ्याची शाळा म्हणत. शाळेची संचालिका म्हणजे आबांची सून प्रियदर्शनी. तिच्यासमोर मात्र सगळे पेलिकनच म्हणत. आबासुद्धा.

या शाळेच्या मागच्या भिंतीला लागून, आबांच्याच जुन्या गोठ्याशेजारी पत्र्याची एक खोली होती. तिच्यात सरकारी अंगणवाडी भरायची. शालू इंगळे तिथली सेविका. लग्न होऊन वाशीमकडून पुण्यात आली, नवरा हडपसरच्या कारखान्यात लागला, आणि ती या खोलीत लागली ती सोळा वर्षं झाली. टॉवरमध्ये भांडी घासणाऱ्या, टॉवरच्या गेटवर बसणाऱ्या आणि शेजारचा टॉवर बांधणाऱ्या लोकांची तीन ते सहा वर्षांची पोरं तिच्याकडे यायची. त्यांना शिकवणं, वजन करणं, लस टोचून आणणं, खिचडी वाढणं आणि या सगळ्याचे फोटो मोबाईलवरून वर पाठवणं एवढी तिची कामं होती. शेवटचं काम झालं की आधीची झाली, असं वरचे लोक धरून चालत.

एका सोमवारी आबा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. आत यायचं तर वाकावं लागतं, आणि जमिनीला भाव आल्यापासून आबांनी वाकणं सोडलं होतं.

"बाई, म्हैनाभरात खोली खाली करा. हितं ड्रॉप-ऑफ झोन करायचाय."

"कसला झोन?"

"पोरं गाडीतनं उतरायची जागा."

"पोराला उतरायला कितीशी जागा लागते, आबा?"

"पोराला न्हाय वो. गाडीला लागती."

शालूताईने ऑफिसला कळवलं. ऑफिसने तिसऱ्या दिवशी तत्परतेने उत्तर दिलं की जागा नसल्यास सदर अंगणवाडीचं नगर रस्त्यापलीकडच्या अंगणवाडीत विलीनीकरण करण्यात येईल. साडेतीन वर्षांच्या पोराला नगर रस्ता एकट्याने ओलांडता येत नाही. नगर रस्ता हा चाळिशीतल्या माणसालाही देवाचं नाव घेऊन ओलांडावा लागतो. आणि सकाळी साडेनऊला त्या पोराच्या आईच्या हातात दुसऱ्याची भांडी असतात. म्हणजे विलीनीकरण व्हायचं ते रजिस्टरचं. तेवीस पोरं राहणार बांधकामाच्या वाळूवर, डंपर आणि कुत्री यांच्या देखरेखीखाली. शालूताईला झोप लागेना, पण ते तिने कोणाला सांगितलं नाही. झोपेचा रकाना कुठल्याच रजिस्टरला नव्हता.

त्याच सुमारास भिंतीपलीकडे बगळ्यालाही घरघर लागली होती.

पर्पल पेलिकनने तीन वर्षं पालकांना एकच गोष्ट विकली होती, ती म्हणजे घाई. अडीच वर्षांच्या मुलाला फोनिक्स, तिसऱ्या वर्षी अबॅकस, साडेतीनला कोडिंगची पूर्वतयारी. प्रियदर्शनीचा मुलगा पृथ्वीराज याच शाळेत होता आणि शाळेची जाहिरातही तोच होता. चार वर्षांच्या पृथ्वीराजला आठही ग्रह सूर्यापासूनच्या क्रमाने पाठ होते. केळं मात्र सोलता येत नसे. ते अभ्यासक्रमात नव्हतं.

आणि मग पेलिकनच्या हेड ऑफिसला अचानक बालपणाचा शोध लागला. नव्या धोरणात लहान मुलांनी खेळातून शिकावं असं छापून आलं होतं, शेजारच्या ब्रँडने ते आधी वाचलं होतं आणि त्यांची ॲडमिशन्स वाढली होती. लगेच सर्व शाखांना पत्र आलं. यापुढे पेलिकन हा पहिल्यापासूनच खेळाचा पुरस्कर्ता होता असं समजावं. प्रत्येक शाखेत निरीक्षक येऊन पंचेचाळीस मिनिटं मुलांचा मुक्त खेळ पाहतील. त्या वेळात मोठ्या माणसाने एकही सूचना दिली तर शून्य गुण. नापास शाखेने पाटीवरचा पेलिकन उतरवून परत पाठवावा.

प्रियदर्शनी एमबीए होती. संकटाला ती घाबरत नसे, ती त्याचं वेळापत्रक करत असे. तिने मुक्त खेळाची रंगीत तालीम ठेवली. अपेक्षा मिस नावाची तेवीस वर्षांची शिक्षिका होती. तिने रात्रभर बसून तक्ता केला आणि लॅमिनेट करून आणला. 'दहा ते दहा-दहा : उत्स्फूर्त आनंद. दहा-दहा ते दहा-वीस : कुतूहल.'

ही तालीम शालूताईने स्वतः पाहिली. दोन्ही शाळांचा पाण्याचा नळ एकच होता आणि कमरेएवढ्या भिंतीपलीकडे पेलिकनचा वाळूचा हौद होता. त्यातली वाळू धुऊन, वाळवून, निर्जंतुक करून आणलेली होती. नऊ मुलं हौदाशी आली आणि उंचीप्रमाणे रांगेत उभी राहिली.

"प्ले!" अपेक्षा मिस म्हणाली.

मुलं तिच्याकडे बघत राहिली.

"फ्रीली प्ले करा. तुम्हाला हवं ते."

एका मुलीने हात वर केला. "मिस, आम्हाला काय हवंय?"

दुसऱ्या मुलाने चिमूटभर वाळू उचलली, हातावर घेतली आणि विचारलं, "इज इट करेक्ट?" तिसऱ्याला बोटाला वाळू लागली म्हणून वाइप हवा होता. पृथ्वीराजने वाळूत बोटाने एक गोल काढला, त्याच्या बाजूला आणखी सात काढले, आणि स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या. मग तोही थांबला. सात मिनिटांनी एक मुलगी अदबीने म्हणाली, "मिस, प्ले संपला का? माझा झाला."

तेवढ्यात भिंतीच्या अलीकडे अंगणवाडीची वरात निघाली. माऊली नावाचं पाच वर्षांचं पोर फुटकी बादली बडवत पुढे होतं, मागे संस्कृती नवरी होती, आणि नवरदेव कोण यावरून दोघा पोरांची अशी काही जुंपली होती की वऱ्हाडाने कंटाळून तिसराच नवरदेव करून टाकला. संस्कृतीने त्याला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "चालेल. पण नाक पूस."

प्रियदर्शनीने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. प्लॉटची मोजणी करायला आलेल्या माणसाची नजर शालूताईच्या ओळखीची होती. ही तशी होती.

दुपारी सासरे आणि सून दोघंही खोलीवर आले. या वेळी आबा वाकले.

"शालूताई," प्रियदर्शनी सतरंजीच्या कडेला बसत म्हणाली, "आपण ना, एक कोलॅबरेशन करूया."

"म्हणजे?"

"तुमची नऊ मुलं. फक्त गुरुवारी. दोन तास. आमचा युनिफॉर्म, आमचे टॅग्ज. तुम्हीही या, नॅनी म्हणून."

"आणि तुमची नऊ कुठे जाणार?"

"ती इथे बसतील. पालकांना मी रूरल इमर्शन, म्हणजे खेड्यातला अनुभव, म्हणून मेसेज टाकते. टोपी आणि सॅनिटायझर आणायला सांगते."

शालूताईने हातातलं रजिस्टर मिटलं. मग म्हणाली, "म्हणजे परीक्षेला आमची पोरं बसवायची आणि पास तुमची व्हायची."

"इट्स नॉट लाइक दॅट..."

"तसंच हाय," आबा म्हणाले. "उगं कशाला फिरवून सांगतीस? बाई, तुमचं काय ते बोला."

"खोली."

"दिली. झोन फुडच्या बाजूला काढू. सर्जेरावाचा शब्द हाय."

शालूताईने पर्समधून एक कागद काढला. ऑफिसचं संमतीपत्र. सदर खोली पाच वर्षं अंगणवाडीसाठी देत आहे, खाली जागामालकाची सही.

आबांचा चेहरा पडला. "माज्या शब्दाला गावात किंमत हाय, बाई."

"म्हणून तर पावती मागते, आबा. किमतीची वस्तू आहे."

"आधी परीक्षा, मंग सही," असं म्हणून आबा उठले आणि जाताना डोकं पत्र्याला आपटलं. शालूताईने कागदाची घडी घालून परत पर्समध्ये ठेवली. आयांना तिने खरं काय ते सांगून टाकलं. त्यांच्यापैकी एकीनेही हरकत घेतली नाही. एकीने फक्त विचारलं, "तिथं खायला देतात का?"

गुरुवारी सकाळी हजेरीचे फोटो आधीच वर पाठवून शालूताईने नऊ पोरांना जांभळा युनिफॉर्म चढवला. बाकीची चौदा फोटोपुरती बसून आयांबरोबर कामावर गेली. गळ्यात टॅग अडकवले. माऊलीचा झाला रेयांश, संस्कृतीची झाली कियारा, आणि साई नावाचं चार वर्षांचं, सदा नाक वाहणारं पोर पृथ्वीराज म्हणून सजलं. खरा पृथ्वीराज आपल्या टॅगशिवाय, टोपी घालून, आठ जणांसह अंगणवाडीत मदतनीस आनंदीबाईंच्या ताब्यात गेला. पालक ऑफिसातून कॅमेऱ्यावर मुलांना बघत असत. त्या दिवशी कॅमेऱ्यांचं मेंटेनन्स निघालं.

शालूताईला जांभळा एप्रन मिळाला आणि सूचना मिळाली. "बोलायचं नाही. एक शब्दही नाही."

"सोपं आहे," ती म्हणाली. "मी मुलं खेळतात तेव्हा तसंही बोलत नाही."

प्रियदर्शनीला यात शिकण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

निरीक्षक नम्रता मॅडम बरोबर दहाला आल्या. पातळ चष्मा, जाड फाइल. कोपऱ्यातल्या छोट्या खुर्चीत बसत त्या गोड आवाजात मुलांना म्हणाल्या, "मी इथे नाहीच असं समजा हं." पोरांनी ताबडतोब समजलं. मोठी माणसं आपल्याला दिसत नाहीत असं धरून चालायची त्यांना सवय होती. मोठ्या माणसांकडूनच शिकली होती ती.

पहिली पाच मिनिटं मात्र ती खोलीभर नुसती बघत राहिली. स्वीडनहून आलेलं लाकडी स्वयंपाकघर, चुंबकाचे ठोकळे, रेशमी झुला. नऊ जोडी डोळे शालूताईकडे वळले. ती भिंतीशी मांडी घालून बसली, एप्रनच्या खिशातून सुईदोरा काढला आणि कोणाचं तरी निघालेलं बटण लावू लागली. बाई आहे, बाई बसलीय, बाई कुठे जात नाही. तेवढं कळल्यावर पोरांचं काम सुरू झालं.

दहाव्या मिनिटाला स्वीडिश स्वयंपाकघराची वडापावची गाडी झाली होती. पंधराव्या मिनिटाला पाण्याचा टँकर आला आणि बादल्यांवरून मारामारी झाली. रेशमी झुला खाली ओढून त्याचा टॉवर बनला. टॉवरला गेट, गेटवर माऊली.

"कुठे जायचंय? ओटीपी सांगा."

"अरे मी इथंच राहते!" संस्कृती.

"मग कालपण राहत होता का? काल बघितलं नाय तुम्हाला."

आत गेल्यावर संस्कृती मॅडम झाली. कमरेवर हात ठेवून तिने झाडू मारणाऱ्या पोरीला फैलावर घेतलं. "उद्यापण सुट्टी? आणि माझी मीटिंग कोण करणार, तू?"

"मी करते की," झाडूवाली म्हणाली. "नुसतं हॅलो हॅलो तर म्हणायचंय."

नम्रता मॅडमचं पेन धावत होतं. मध्येच त्यांनी हाक मारली, "रेयांश!" कोणी बघितलं नाही. "रेयांश बेटा!" माऊली टँकरवाल्याची वही तपासत राहिला.

"इतका गुंतलाय ना," प्रियदर्शनी घाम पुसत म्हणाली, "की स्वतःचं नावसुद्धा ऐकू येत नाहीये."

"विलक्षण एकाग्रता," नम्रता मॅडम पुटपुटल्या आणि तसं लिहिलं.

पंचविसाव्या मिनिटाला आबा दारात आले. कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख, छातीवर 'चेअरमन' असा बिल्ला. नम्रता मॅडम उठून त्यांच्याजवळ गेल्या आणि हलक्या आवाजात कौतुक करू लागल्या. असा खेळ आपण एकाही शाखेत पाहिला नाही. हा या साहित्याचा परिणाम आहे, विशेषतः स्वीडिश किचनचा. एकच कमी वाटते. बाहेर मातीत खेळायला जागा हवी, मड झोन. ती असती तर पूर्ण गुण.

जागा कमी आहे असं कोणी म्हटलेलं आबांना आयुष्यात सहन झालेलं नव्हतं.

"जागंला काय तोटा? ही मागची पत्र्याची खोली हाय न्हवं, ती सोमवारी पाडतोय. तितंच घालू तुमची माती."

प्रियदर्शनीने त्यांच्या बाहीला चिमटा काढला. पण शब्द बाहेर पडला होता, आणि सर्जेरावांचा शब्द म्हणजे शब्द.

शालूताईने बटण पुरं लावलं. दोरा दातांनी तोडला. नगर रस्त्यावरचे डंपर तिच्या डोळ्यांपुढे एकामागून एक गेले, आणि टँकरपाशी उभा असलेला साई दिसला. आपण ओरडलो तर आबा म्हणतील बाई भांडखोर आहे. रडलो तर म्हणतील, बघू पुढच्या महिन्यात. सुईदोरा खिशात ठेवून ती उठली.

"चला रे," ती पोरांपुरत्या आवाजात म्हणाली. दाराशी बोलणाऱ्या नम्रता मॅडमना ते ऐकू गेलं नाही.

नऊ पोरांनी टँकर सोडला, वडापाव सोडला, टॉवर सोडला. माऊलीने तिच्या पदराचं टोक धरलं, संस्कृतीने माऊलीच्या शर्टाचं, साईने संस्कृतीच्या फ्रॉकचं, आणि अशी आगगाडी करून सगळे शिस्तीत दाराबाहेर पडले. खोलीत गिऱ्हाईक अर्ध्यात उठून गेलेली वडापावची गाडी तेवढी उरली.

नम्रता मॅडमनी घड्याळ पाहिलं. "एकतिसावं मिनिट. हे काय आहे?"

"ब्रेक," प्रियदर्शनी म्हणाली.

"मुक्त खेळात ब्रेक मुलांनी ठरवायचा असतो."

"मुलांनीच ठरवला ना. बघितलंत ना, एकही मागे राहिलं नाही."

नम्रता मॅडम विचारात पडल्या. मग त्यांनी पान उलटलं आणि लिहिलं, 'नॅनीशी सुरक्षित भावबंध : उत्कृष्ट.' "पण चौदा मिनिटं बाकी आहेत," त्या म्हणाल्या. "मुलं परत आली तरच धरता येईल."

आबा पायऱ्या उतरून बाहेर आले तेव्हा शालूताई गेटपाशी पोरांना पाणी पाजत होती.

"बाई, आब्रू घेताय का माजी?"

"मी कशाला घेऊ? पोरांचं पोट आहे. साडेअकराला खिचडी असते."

"आत्ता साडेधा वाजल्यात!"

"आज लवकर लागलीय भूक. सोमवारनंतर मिळणार नाही ना, म्हणून."

आबांनी छातीवरचा बिल्ला सरळ केला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्ये म्या असंच बोलून गेलो वो. पाडत न्हाय. शब्द हाय माजा."

"तोच दोनदा ऐकला, आबा. आता वाचायचाय."

तिने पर्समधून कागद काढला. आबांनी आजूबाजूला पाहिलं. दारात प्रियदर्शनी दोन्ही हात जोडून उभी होती. सुनेने हात जोडलेले आबांनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिले. त्यांनी कागद घेतला, टेकवायला काही मिळेना, म्हणून गेटवरच्या जांभळ्या पक्ष्याच्या पोटावर टेकवला आणि सही ठोकली.

"तारीख राहिली," शालूताई म्हणाली.

आबांनी तारीख घातली.

"आणि पूर्ण नाव."

"अख्खं गाव वळखतं मला!"

"ऑफिस ओळखत नाही."

आबांनी पूर्ण नाव घातलं. शालूताईने ते नीट वाचलं, मोबाईलवर फोटो काढला, तिथल्या तिथे ऑफिसच्या ग्रुपवर पाठवला, आणि पोरांकडे वळली. "पाणी पिऊन झालं? जा. टँकर निघून जाईल."

उरलेली चौदा मिनिटं गोंधळात उत्तम पार पडली. साईने वडापावची गाडी अतिक्रमण म्हणून उचलून नेली आणि पाच मिनिटांत परत आणून लावली. नम्रता मॅडमनी या प्रसंगाला अर्धं पान दिलं. जाताना त्या शालूताईपाशी थांबल्या.

"किती वर्षं हे काम करताय?"

"सोळा."

"पण शाळेला तर तीनच झाली."

"मी जरा आधी सुरुवात केली."

नम्रता मॅडम हसल्या. त्यांनी प्रियदर्शनीला अहवालाचा सारांश तिथेच सांगितला. शाखा अव्वल. मुलं असाधारण. नॅनीने सूचना दिल्या नाहीत हे चांगलं, मात्र तिला बालविकासाचं पेलिकन प्रमाणपत्र नाही, ही त्रुटी तीन महिन्यांत दूर करावी. तोवर तिला मुलांबरोबर एकटं सोडू नये.

"नाही सोडणार," प्रियदर्शनीने वचन दिलं.

शालूताई पोरांना घेऊन खोलीवर आली तेव्हा बारा वाजत आले होते. आनंदीबाई दारातच उभ्या होत्या, चिंतेने काळवंडलेल्या.

"ताई, ही लेकरं आजारी हायेत का वो? दोन तास झालं, एकानं दुसऱ्याला ढकललं न्हाय. मी धा येळा कपाळाला हात लावून बघितला. ताप न्हाय."

आत पेलिकनची नऊ मुलं भिंतीला टेकून ओळीने बसली होती. पाठीवर दप्तरं तशीच. पुढ्यात चिंचोक्यांचा डबा, खडू, जुन्या साड्यांची गाठोडी, फळांचा मोकळा क्रेट. कशालाही हात लागलेला नव्हता. खिचडी वाढल्यावर एकीने तिच्यात काय काय आहे असं विचारलं होतं आणि ऐकून घेऊन मग खाल्ली होती, एवढीच काय ती घडामोड.

शालूताईची नऊ पोरं जांभळे कपडे ओढून काढत उड्या मारत आत घुसली. तीन मिनिटांत क्रेटची बस झाली. ओळीतल्या मुलांनी पाय जवळ घेतले.

पृथ्वीराजने हात वर केला. "टीचर, आता काय करायचं?"

"काही नाही," शालूताई म्हणाली.

तो बराच वेळ विचार करत होता. "काही नाही कसं करतात?"

हे तिला सोळा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं, तेव्हा ती त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसली आणि आणखी एक बटण शोधायला लागली. तो तिच्याकडे बघत राहिला. मग बसकडे. हळूहळू एक पाय लांब केला, मग दुसरा.

"चढतो का?" माऊली ओरडला. "बस सुटली बरं का!"

"याला चाकं नाहीत," पृथ्वीराज म्हणाला.

"माहितीये. म्हणून तर ढकलायची. ये इकडं मागं."

पृथ्वीराजने शालूताईकडे पाहिलं. तिने सुईत दोरा ओवायला घेतला होता, तिचं लक्षच नव्हतं, निदान तसं दिसत तरी होतं. त्याने दप्तर काढून बाजूला ठेवलं. क्रेटच्या मागे दोन्ही हात लावले. पहिल्यांदा बस हललीच नाही, कारण आत साई बसला होता आणि साई अंगाने भरलेला होता. पृथ्वीराजने वाकून जोर लावला, तोंड लालबुंद झालं, बस वीतभर पुढे सरकली आणि त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला. तो शब्द नव्हता. ग्रहाचं नावही नव्हतं. ओळीतली एक मुलगी ते ऐकून उठून उभी राहिली.

तेवढ्यात दारात प्रियदर्शनी आली, हातात वाइप्सचं पाकीट, चेहऱ्यावर अव्वल क्रमांक. "चला चला, पटापट हँड्स क्लीन! शालूताई, साडेबाराला पेरेंट्सच्या गाड्या येतील. आवरलं ना यांचं?"

"आत्ता कुठे सुरू झालंय," शालूताई म्हणाली.

"किती वेळ लागेल?"

"तीन वर्षं गेलीत वाया. थोडा लागेल."

प्रियदर्शनीने एक पाय आत टाकला.

"चपला बाहेर," शालूताई सुईवरून नजर न काढता म्हणाली.

प्रियदर्शनी क्षणभर थांबली. खोली आपल्या सासऱ्यांची आहे हे तिच्या ओठांवर आलं असावं. पण कागद ऑफिसच्या ग्रुपवर पोचला होता आणि त्यावर तारीखही होती. तिने सँडल काढून दाराबाहेर ठेवले आणि बसायला जागा शोधू लागली. सतरंजी एकच होती, आणि तिच्यावरून बस चालली होती. मागून ढकलणाऱ्याचा शर्ट बाहेर आला होता, नाकावर धूळ होती, आणि त्याला समोर कोण उभं आहे हे बघायलाही फुरसत नव्हती.

"मम्मा," पृथ्वीराज धापा टाकत म्हणाला, "मध्ये नको ना येऊ."